माइनक्राफ्टमधली मुलूखगिरी: हवामान ओळखून जग कसं फिरायचं

माइनक्राफ्ट हा चौकोनी ठोकळ्यांच्या, म्हणजे ब्लॉकांच्या जगाचा व्हिडिओ गेम. तो खेळणारे बरेच जण घराच्या आसपास तीन-चारशे ब्लॉकांतच रमतात. खाण खणतात, शेती लावतात, घरावर मजले चढवतात. मग कधी जंगलातलं (खेळातल्या ‘जंगल’ या उबदार, दमट प्रदेशातलं) लाकूड किंवा चेरीची झाडं हवी झाली की वर्ल्डचा सीड (ज्या आकड्यावरून ते जग घडतं तो) एखाद्या नकाशाच्या साइटवर टाकतात आणि कोऑर्डिनेट्स (जागेचे आकडे) उचलून थेट तिथे पोचतात. मला हे मनापासून खटकतं. शोधण्यातला सगळा आनंद त्यात हातचा जातो, आणि खरं तर त्याची गरजही नसते. या खेळातली जमीन वाटेल तशी पसरलेली नाही. तापमान, आर्द्रता, समुद्रापासूनचं अंतर आणि जमिनीची झीज यांच्या हिशेबाने कुठे काय उगवणार ते ठरतं. ही चिन्हं वाचता आली की जंगल साधारण कोणत्या अंगाला असेल, याचा अंदाज उभ्या जागेवरून बांधता येतो.

हे पहिल्यापासून असं नव्हतं. बायोम, म्हणजे वाळवंट, वन असे वेगवेगळ्या हवामानाचे प्रदेश, खेळात आले ऑक्टोबर २०१० मध्ये. पण पुढची काही वर्षं बर्फाच्या मैदानाला खेटून वाळवंट सापडायचं. ऑक्टोबर २०१३ च्या १.७ आवृत्तीत थंड, समशीतोष्ण आणि उष्ण प्रदेश आपापल्या गटात आले. नोव्हेंबर २०२१ च्या १.१८ मध्ये जमिनीची घडणच बदलली: जग खाली उणे ६४ पर्यंत आणि वर ३२० पर्यंत ताणलं गेलं, डोंगर खऱ्या अर्थाने डोंगर झाले. पुढचं सगळं १.१८ किंवा त्यानंतरच्या आवृत्तीसाठी आहे. फोनवरचं बेडरॉक असो किंवा कॉम्प्युटरवरचं जावा, पद्धत तीच. फरक असेल तिथे सांगेन.

पायरी १: निघण्याआधी

जुनं वर्ल्ड असेल तर एक गोष्ट लक्षात घ्या. तुम्ही एकदा पाहिलेला भाग जसाच्या तसा राहतो. नव्या आवृत्तीतले बायोम फक्त न पाहिलेल्या जमिनीवर येतात. चेरीची राई १.२० मध्ये आली आणि फिकट पांढरं पेल गार्डन १.२१.४ मध्ये. तुमचं वर्ल्ड त्याआधीचं असेल तर घराभोवती कितीही हिंडलात तरी ती दिसणार नाहीत. आधी फिरलेल्या हद्दीच्या पलीकडे जावंच लागेल. त्यासाठी वर्ल्ड टाकून नवं सुरू करायची गरज नाही.

बेडरॉकमध्ये वर्ल्डच्या सेटिंगमधून कोऑर्डिनेट्स चालू करा. त्याने अचिव्हमेंट बंद होत नाहीत. जावामध्ये एफ ३ दाबलं की दिसतात. मग घरातल्या पलंगाजवळ उभे राहून एक्स आणि झेड हे दोन आकडे कागदावर लिहून ठेवा. हे टाळू नका. होकायंत्र घर दाखवत नाही, ते वर्ल्डचा मूळ स्पॉन दाखवतं, म्हणजे खेळ सुरू होताना तुम्ही जिथे अवतरलात ती जागा. घर तिथून लांब बांधलं असेल तर होकायंत्राच्या भरवशावर तुम्ही भलतीकडेच पोचाल.

पायरी २: सामान

कमी घ्या. हिरे, मंत्रवलेली हत्यारं, जे गमावलं तर जीव हळहळेल ते सगळं घरी चेस्टमध्ये ठेवा. लोखंडी तलवार, कुदळ, कुऱ्हाड आणि ढाल पुरते. भाकरी किंवा भाजलेलं मांस भरपूर, निदान अर्धा स्टॅक (स्टॅक म्हणजे एका खान्यात मावणारे ६४ नग). भूक अर्ध्याच्या खूप खाली गेली की धावताच येत नाही, आणि लांबच्या प्रवासात धावता न येणं फार महागात पडतं. टॉर्चचे दोन स्टॅक, मातीचा एक स्टॅक, क्राफ्टिंग टेबल, होडी, पाण्याची बादली आणि पलंग.

पाण्याची बादली अनेकांच्या यादीत नसते, माझ्या यादीत ती पहिली असते. कड्यावरून खाली उतरायचं असेल तर वरून पाणी सोडा आणि त्यातून पोहत उतरा. लाव्हा वाटेत आला तर त्यावर ओता. अंगाला आग लागली तर पायाशी ओता.

पलंगाबद्दल एक सावधगिरी. वाटेत तुम्ही ज्या पलंगावर झोपता, तोच तुमचा नवा स्पॉन होतो. सकाळी पलंग उचलून पुढे निघालात आणि नंतर मेलात, तर तो स्पॉन उरत नाही आणि तुम्ही वर्ल्डच्या मूळ स्पॉनवर उठता. घराचे आकडे कागदावर हवेत ते यासाठीही. झोप मात्र टाळू नका; सलग तीन दिवस झोपला नाहीत की रात्री फँटम नावाचे उडते शत्रू डोक्यावर घिरट्या घालू लागतात.

वाटेत मेलातच, तर घाबरून जाऊ नका. सांडलेलं सामान पाच मिनिटांत नाहीसं होतं हे खरं, पण ती पाच मिनिटं तो भाग लोड झालेला असतानाच मोजली जातात. तुम्ही लांब असताना घड्याळ थांबलेलं असतं. म्हणून शांतपणे खाणं आणि ढाल घ्या, मगच त्या ठिकाणी जा.

पायरी ३: एक दिशा धरा

हरवण्याचं मुख्य कारण वळणं. म्हणून एक दिशा ठरवा आणि तीच धरून चला. आकडे न पाहताही दिशा कळते. सूर्य पूर्वेला उगवतो, ढग नेहमी पश्चिमेकडे सरकतात, आणि सूर्यफुलांच्या मैदानात प्रत्येक सूर्यफुलाचं तोंड पूर्वेकडेच असतं, दिवसभर.

दिवसरात्रीचं चक्र २० मिनिटांचं असतं, त्यातला उजेड साधारण १० मिनिटांचा. धावण्याचा वेग सेकंदाला साडेपाच ब्लॉकांच्या थोडा वर. म्हणजे आडथळे नसतील तर एका दिवसात तीन हजार ब्लॉक होतात; झाडी आणि चढउतार धरले तर दोन हजार धरून चाला. तेवढ्या अंतरात हवामान बदललेलं हमखास दिसतं.

जाताना टॉर्च कायम उजव्या हाताला लावा. परतताना ते डाव्या हाताला दिसले की तुम्ही बरोबर वाटेवर आहात. मोठ्या मैदानात एखाद्या टेकाडावर दहा-बारा ब्लॉक उंच मातीचा खांब करून वर टॉर्च ठेवा. फोनवर रेंडर डिस्टन्स (किती लांबपर्यंतचं जग दिसावं ते सेटिंग) कमी ठेवून खेळत असाल तर उंच जागी पोचल्यावर ते तात्पुरतं वाढवा, चहूकडे पाहून घ्या, मग पुन्हा कमी करा. दोन तांब्याच्या विटा आणि एक ॲमेथिस्टचा तुकडा यांपासून दुर्बीण होते. जमली तर जरूर करा.

पायरी ४: हवामान वाचा

खरी गंमत इथे आहे, म्हणून इथे थोडं थांबू.

तापमानाचे पाच पट्टे असतात: गोठलेला, थंड, समशीतोष्ण, उबदार आणि उष्ण. जमिनीवरून चालताना हे तापमान हळूहळू बदलत जातं, एकदम उडी मारत नाही. उंच शिखरं सोडली तर बर्फाच्या मैदानातून वाळवंटात जायला मधले पट्टे ओलांडावेच लागतात. प्रत्येक पट्ट्यात मग आर्द्रता ठरवते की तिथे गवत असेल, विरळ झाडी असेल की दाट वन. अंबा घाट चढून आल्यावर पन्नास-साठ किलोमीटरमध्ये गर्द झाडी संपून माळरान लागतं, ते ज्याने पाहिलंय त्याला हा हिशेब वेगळा समजवायला नको.

समशीतोष्ण पट्ट्यात आर्द्रता वाढत जाते तसा क्रम असा लागतो: फुलांचं वन, मैदान, ओकचं वन, बर्चचं वन आणि शेवटी काळोखं डार्क फॉरेस्ट. म्हणजे वुडलँड मॅन्शनच्या, वनातल्या त्या भल्यामोठ्या वाड्याच्या, शोधात असाल तर मैदानात भटकण्यात अर्थ नाही, कारण मॅन्शन सहसा डार्क फॉरेस्टमध्ये असतं. पांढऱ्या सालीची बर्च झाडं दिसू लागली की तुम्ही ओलाव्याच्या बाजूला सरकताय. त्याच दिशेने चालत राहा. पेल गार्डनही याच डार्क फॉरेस्टच्या आसऱ्याने सापडतं.

थंड पट्ट्यात कोरड्या बाजूला मैदान, मग साधं वन, मग स्प्रूसची टायगा (थंडीतलं सूचिपर्णी वन) आणि सर्वांत ओल्या भागात प्रचंड बुंध्यांची जुनी टायगा. गोठलेल्या पट्ट्यात बहुतेक बर्फाचं मैदान, ओल्या बाजूला बर्फाळ टायगा.

उबदार पट्टा सर्वांत उपयोगाचा, आणि जंगल शोधणारे बहुतेक जण इथेच चुकतात. या पट्ट्याच्या कोरड्या बाजूला सव्हाना आहे आणि ओल्या बाजूला जंगल. उष्ण पट्ट्यात मात्र आर्द्रता कितीही असली तरी वाळवंटच. वाळवंट दिसलं की लोक समजतात, आपण जंगलापासून लांब आलो, आणि परत फिरतात. खरं तर ते अगदी जवळ आलेले असतात. वाळवंटाच्या कडेला सपाट माथ्याची, वाकड्या बुंध्याची बाभळीसारखी अकेशिया झाडं शोधा. ती सव्हाना, म्हणजे उबदार पट्टा. आता वाळवंटात शिरू नका आणि थंडीकडेही जाऊ नका. सव्हानाच्या कडेकडेने चाला. गवताचा रंग पाहत राहा.

तो रंग उगाच दिलेला नाही. गवताची आणि पानांची छटा त्या जागेच्या तापमानावरून आणि पर्जन्यमानावरून ठरते. सव्हानात गवत मातकट पिवळसर असतं, टायगात निळसर झाकेचं, जंगलात डोळ्यांत भरणारं हिरवंगार. दोन बायोमच्या हद्दीवर हे रंग एकमेकांत मिसळतात, त्यामुळे झाडं बदलायच्या आधीच जमीन सांगू लागते. सव्हानाच्या कडेला गवत पिवळं सोडून हिरव्याकडे झुकू लागलं आणि पुढे साधं ओकचं वन लागलं, तर तेच वन धरून पुढे जा. उबदार पट्ट्यात सव्हाना आणि जंगल यांच्या मध्ये बहुधा असंच वन असतं. हे वन ओलांडल्यावर वेली लोंबणारी उंच झाडं आणि पोपट दिसले की पोचलात.

पाऊस हे दुसरं साधन. पाऊस सुरू झाला की आडोसा शोधण्याची सवय सोडून द्या. तो साऱ्या जगावर एकाच वेळी येतो, पण वाळवंट, सव्हाना आणि लाल मातीच्या बॅडलँड्सवर पडत नाही. तिथे नुसतं आभाळ भरून येतं. थंड प्रदेशात त्याचाच बर्फ होतो. हद्दीवर उभे राहिलात तर पावसाच्या धारा एका रेषेवर थांबलेल्या स्पष्ट दिसतात. लांबवर कुठे धारा आहेत आणि कुठे नाहीत, एवढं पाहिलं तरी कोरडा प्रदेश कोणत्या अंगाला आहे ते कळतं.

गावंही बोलतात. मैदान, वाळवंट, सव्हाना, टायगा आणि बर्फाचं मैदान या प्रत्येक ठिकाणच्या व्हिलेजची घरं आणि गावकऱ्यांचे कपडे वेगळे. शत्रूसुद्धा हवामान सांगतात. उन्हात न जळणारे हस्क म्हणजे वाळवंट. लागल्यावर पाय जड करणारे बाण मारणारे स्ट्रे म्हणजे बर्फाळ प्रदेश.

नदीवर मात्र फार विसंबू नका. नदी धरून गेलं की समुद्र लागेलच असं इथे नाही. डोंगरात शिरून ती संपूनही जाते. झाडं, गवत आणि पाऊस या तिघांवर जास्त भरवसा ठेवा.

पायरी ५: पाण्यावरून

होडी सेकंदाला ८ ब्लॉक जाते, भूकही लागत नाही. म्हणून समुद्र आडवा आला की तो अडथळा समजू नका. १.१९ पासून चेस्ट लावलेली होडीही मिळते, तीत २७ खाने असतात.

समुद्रालाही तापमान आहे. गोठलेल्या समुद्रात हिमनग, थंड समुद्रात गडद पाणी, उबदार समुद्रात हिरवट-निळं स्वच्छ पाणी आणि तळाशी प्रवाळ. पाण्याचा रंग उजळू लागला की जवळचा किनाराही उबदार असण्याची शक्यता मोठी. डॉल्फिनला कच्चा कॉड किंवा सामन खाऊ घाला. ती जवळच्या बुडालेल्या जहाजाकडे, अवशेषांकडे किंवा पुरलेल्या खजिन्याकडे पोहत जाते. फक्त तिच्या मागे होडी न्यायची. जहाजातल्या चेस्टमध्ये खजिन्याचा नकाशा मिळाला तर तो वाया घालवू नका.

आणि खोल समुद्रात, किनाऱ्यापासून खूप दूर, कधीतरी करड्या-जांभळट जमिनीचं आणि भल्यामोठ्या अळंब्यांचं बेट लागतं. हे मशरूम फील्ड्स. इथे रात्रीसुद्धा, अगदी गुहेच्या अंधारातही, शत्रू प्राणी (मॉब) आपोआप उगवत नाहीत. जमिनीवर चालत राहून हे सापडणं फार कठीण, कारण ते किनाऱ्यापासून जितकं लांब तितकं संभवतं. सापडलं तर आकडे लगेच लिहा. दुसरं घर बांधायला याहून निवांत जागा नाही.

पायरी ६: डोंगर आणि त्याच्या पोटात

पाचूचं खनिज फक्त डोंगराळ बायोममध्येच मिळतं. चेरीची राई आणि मेडोही (फुलांची कुरणं) डोंगराच्या पठारांवर, म्हणून गुलाबी झाडं शोधायची तर सखल मैदानात हिंडू नका, पर्वताच्या पायथ्याशी चढ लागला की वर जा. बर्फाच्या उतारावर भुसभुशीत पावडर स्नो असतो. तो साध्या बर्फासारखाच दिसतो आणि माणूस आत बुडून गारठतो. चामड्याचे बूट घातले की त्यावरून चालता येतं. लोखंडी बूट काढून ठेवावे लागले तरी चालतील.

गुहा शोधायला वरून एक सुंदर खूण आहे. वनात फिरताना हिरव्या पानांत गुलाबी फुलं असलेलं छोटं अझेलियाचं झाड दिसलं की थांबा. आजूबाजूच्या ओकपेक्षा ते वेगळं ओळखू येतं. त्याच्या खाली मुळांच्या मातीचा एक उभा खांब गेलेला असतो. ती माती खणत, कडेने पायऱ्या करत खाली उतरा. थेट पायाखालची माती मात्र काढू नका, कारण शेवटी पोकळी येते आणि खालचं छत किती उंच असेल सांगता येत नाही. मुळं लोंबताना दिसली की छताला भोक पाडून पाणी सोडा आणि त्यातून उतरा. खाली लश केव्ह असते: वेलींना लागलेली उजळ फळं, शेवाळ, तळ्यात ॲक्सोलॉटल. वरच्या एका झाडावरून इतकं मोठं काहीतरी हाती लागतं, म्हणून ही खूण मला फार आवडते.

याच डोंगरांच्या खाली, खूप खोलवर, डीप डार्क नावाचा काळोखा बायोम असतो आणि त्यात उणे ५१ च्या आसपास प्राचीन शहर. तिथे आवाज हाच धोका. वाकून चाला, पायाखाली लोकर अंथरत जा; लोकर कंपनं दाबते. स्कल्क श्रीकर (आवाजाने जागे होऊन किंचाळणारे ब्लॉक) पुन्हा पुन्हा वाजले तर वॉर्डन हा अतिबलाढ्य शत्रू जमिनीतून वर येतो, आणि लोखंडी चिलखतात त्याच्याशी लढायचा विचारही करू नका. पहिल्या फेरीत या शहराकडे फक्त पाहून परत या, असं मी सांगेन.

पायरी ७: लांबच्या जागांसाठी नेदरची वाट

नेदर म्हणजे पोर्टल नावाच्या दारातून जायचं, लाव्हाने भरलेलं खेळातलं दुसरं जग. नेदरमधला एक ब्लॉक म्हणजे वर आठ. समजा, घर ० आणि ० वर आहे, आणि जंगल सापडलं २४०० आणि उणे १६०० वर. दोन्ही आकडे आठने भागा: ३०० आणि उणे २००. नेदरमध्ये त्या जागी पोर्टल बांधलं की ते जंगलाजवळ उघडतं. उंचीचा आकडा भागायचा नाही. एका अंगाने ३०० आणि दुसऱ्या अंगाने २०० चालणं हे वरच्या हजारो ब्लॉकांपेक्षा कितीतरी सोपं, जरी वाट धोक्याची असली तरी.

नेदरमध्येही जून २०२० च्या १.१६ पासून पाच बायोम आहेत आणि धुक्याच्या रंगावरून ते लांबून ओळखता येतात. लालसर धुकं म्हणजे क्रिमसन फॉरेस्ट, तिथे हॉग्लिन (रानडुकरांसारखे शत्रू) असतात. निळसर म्हणजे सोल सँड व्हॅली: पाय रुततात, वर घास्ट (उडत आगीचे गोळे फेकणारे शत्रू). राखाडी आणि हवेत राख तरंगणारं म्हणजे बसाल्ट डेल्टा. शक्य तेवढं टाळा. निळ्या-हिरव्या झाडांचं वॉर्प्ड फॉरेस्ट सर्वांत निर्धोक. तिथे जमिनीवर एंडरमन (उंच, काळे प्राणी) सोडून कोणी उगवत नाही, त्यांच्या डोळ्यांत पाहू नका, बस. वाट आखताना जमेल तितकी याच वनातून काढा. सोन्याच्या चिलखताचा एक तरी भाग अंगावर घाला, म्हणजे पिग्लिन (नेदरमधली डुकरासारखी माणसं) सहसा हल्ला करत नाहीत. पलंग इथे कधीच वापरू नका. त्याचा स्फोट होतो. साधं होकायंत्रही इथे नुसतं गरगरतं, म्हणून दगडी बोगदा करून त्यात टॉर्च लावणं चांगलं.

पायरी ८: नकाशा आणि पुढचा बेत

साधा नकाशा १२८ ब्लॉक रुंदीचा असतो. कार्टोग्राफी टेबलवर कागद लावून तो चार वेळा दुप्पट करता येतो, शेवटी २०४८ ब्लॉक. भिंतीसाठी मला १०२४ वाला मधला नकाशा सोयीचा वाटतो. बायोमच्या कडाही दिसतात आणि भाग लवकर भरतो. कड ओलांडली की नवा कोरा नकाशा उघडा. घरी फ्रेममध्ये शेजारी शेजारी लावले की ते नेमके जुळतात, आणि थंड-उष्ण पट्टे कसे वळत गेलेत ते भिंतीवर एका नजरेत कळतं. कोणता पट्टा अजून रिकामा आहे ते पाहून पुढची दिशा ठरवा.

जावामध्ये सगळ्या बायोमना भेट दिल्यावर मिळणाऱ्या ॲडव्हेंचरिंग टाइम या बक्षीस-टप्प्यासाठी पन्नासहून जास्त जागा पाहाव्या लागतात, बेडरॉकमध्ये १७ पुरतात. पण सुरुवातीला मी बेडकांचा बेत सुचवेन. दलदलीतल्या दोन बेडकांना स्लाइमबॉल द्या, अंडी होतील, त्यांतून बेडूकमासे निघतील. ते पाण्याच्या बादलीत भरा. एक दलदलीतच वाढू द्या, एक बर्फाच्या मैदानात घेऊन जा, एक जंगलात किंवा वाळवंटात. बेडूकमासा जिथे मोठा होतो त्या हवामानाप्रमाणे बेडकाचा रंग ठरतो: समशीतोष्ण ठिकाणी नारिंगी, थंडीत हिरवा, उष्णतेत पांढरा. बर्फात नेल्यावर पाणी गोठू नये म्हणून खड्ड्याभोवती टॉर्च लावा. मग तिघांना एकेक छोटा मॅग्मा क्यूब (नेदरमधला उड्या मारणारा शत्रू) खाऊ दिलात की प्रत्येकाकडून वेगळ्या रंगाचा फ्रॉगलाइट दिवा मिळतो, आणि नकाशाच्या भिंतीला उजेड करायला तेच वापरता येतात.